स्क्रिप्टिंग भाषांतील यादी : घडण आणि व्यवहार

संगणकाकडून कामे करवून घेण्याच्या ज्या सुटसुटीत भाषा गेल्या चार दशकांत प्रचारात आल्या आणि ज्यांना सर्वसाधारणपणे स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात, त्यांपैकी कोणतीही शिकावयास घेतली तरी दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच यादीशी गाठ पडते. काही मूल्ये कंसात ओळीने मांडावयाची, शेवटी एखादे नवे जोडावयाचे, क्रमांक सांगून हवे ते उचलावयाचे आणि लूप लावून एकेक सदस्य तपासावयाचा, एवढा व्यवहार अर्ध्या तासात कोणालाही साधतो. आणि तो इतक्या सहज साधतो म्हणूनच सर्व भाषांतील यादी ही एकच वस्तू असून फरक काय तो कंसांच्या आकाराचा, असा समज नवशिक्याच्याच नव्हे, तर मुरलेल्या प्रोग्रामरच्याही मनात घर करून बसतो. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रत्येक भाषेची यादी त्या भाषेच्या जन्मकाळी जे काम समोर होते त्याच्या मापाने बेतलेली असते. त्या कामाच्या हद्दीत ती विनातक्रार राबते आणि हद्द ओलांडताच नेमकी कोठे दगा देईल हे तिच्या जन्मवृत्तांतावरून पुष्कळसे सांगता येते. प्रस्तुत आढाव्यात हीच दृष्टी ठेवून काही प्रमुख भाषांतील याद्यांची पाहणी करावयाची आहे.

यादीचा उगम मात्र स्क्रिप्टिंग भाषांहून जुना आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास ॲलन न्यूवेल, हर्बर्ट सायमन आणि क्लिफ शॉ यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये यंत्राकडून सिद्ध करवून घेण्याचा उद्योग आरंभिला, तेव्हा सिद्धता किती पायऱ्यांची होईल हे आधी ठाऊक नसल्यामुळे जागा आगाऊ राखून ठेवण्याची तोवरची रीत निरुपयोगी ठरली, आणि स्मृतीतील विखुरलेले कप्पे एकमेकांच्या पत्त्यांनी गुंफण्याची युक्ती त्यांनी काढली. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली एमआयटीत लिस्प भाषेची आखणी सुरू केली ती याच युक्तीवर : प्रत्येक कप्प्याचे दोन भाग, एकात मूल्य आणि दुसऱ्यात पुढील कप्प्याचा पत्ता. अशा यादीच्या मस्तकी नवा सदस्य बसविणे अत्यंत स्वस्त, कारण मागील एकाही कप्प्याला धक्का लागत नाही. परंतु दहा हजारावा सदस्य हवा असल्यास आधीचे सारे कप्पे एकामागून एक ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. चिन्हांच्या राशी मस्तकापासून सोलीत जाणाऱ्या गणितज्ञाला ही अडचण वाटली नाही. पुढे ज्यांना फायली वाचावयाच्या, अहवाल छापावयाचे आणि पाचशेवी ओळ ताबडतोब काढावयाची होती, त्यांना ती वाटली, आणि म्हणून आजच्या बहुतेक स्क्रिप्टिंग भाषांनी यादी हे नाव व तिचा लवचीक स्वभाव तेवढा ठेवून आत सलग जागेत मांडलेली रांग स्वीकारली. आधुनिक प्रोसेसर सलग स्मृती झपाट्याने वाचतो, विखुरलेली वाचताना अडखळतो. त्यामुळे ही निवड उत्तरोत्तर अधिकच शहाणपणाची ठरत गेली.

युनिक्सच्या शेलने तर प्रारंभी यादी नावाची वस्तूच मानली नाही. तेथे जे काही होते ते म्हणजे मजकूर, म्हणजेच स्ट्रिंग, आणि तिच्यातील मोकळ्या जागांवर तुकडे पाडले की झाली यादी, असा कारभार होता. ज्या काळी फायलींची नावे आखूड व एकशब्दी असत त्या काळी तो निभावला. पण ‘जमाखर्च मार्च’ अशा नावाची फाइल आली की तीच आज्ञा तिचे दोन तुकडे करते, आणि फायली खोडण्याची आज्ञा असेल तर ‘मार्च’ नावाची एखादी निरपराध फाइलही बळी पडते. बॅश शेलला १९९६ च्या सुमारास दुसऱ्या आवृत्तीत खरा ॲरे मिळाला, तरीही तो वापरताना भोवती दुहेरी अवतरणचिन्हे घालण्याचे विस्मरण झाले तर सदस्य पुन्हा मोकळ्या जागांवर फुटतात. शेलमध्ये लिहिलेल्या दहा स्क्रिप्ट तपासावयास घेतल्या तर हा दोष निदान काहींत तरी सापडावाच, इतका तो रूढ आहे.

याच प्रश्नाला टिकल भाषेने दिलेले उत्तर मला सर्वांत मनोरंजक वाटते, आणि ते आज कोणी फारसे अभ्यासीत नाही याची खंतही वाटते. जॉन ऑस्टरहौट यांनी ही भाषा १९८८ मध्ये बर्कली येथे, एकात्मिक परिपथांच्या आराखड्यांसाठी लागणाऱ्या निरनिराळ्या साधनांना एकच आज्ञाभाषा असावी या हेतूने रचली. तिचा मूलमंत्र असा की प्रत्येक मूल्य हे मजकूरच. आज्ञा मजकूर, संख्या मजकूर, यादीही मजकूर. परंतु शेलप्रमाणे नुसत्या मोकळ्या जागांवर भिस्त न ठेवता ज्या सदस्याच्या पोटात मोकळी जागा असेल त्याला महिरपी कंसात बांधावे, आणि कंसात आणखी कंस घालून यादीच्या आत यादी ठेवावी, असा काटेकोर नियम तिने घालून दिला. ‘पुणे’, ‘नवी मुंबई’ आणि ‘नागपूर’ ही तीन गावे ‘लिस्ट’ या आज्ञेच्या हवाली केली की जो मजकूर तयार होतो त्यात ‘नवी मुंबई’ आपोआप कंसात बंदिस्त झालेली असते व सदस्यसंख्या विचारता तीन हेच उत्तर येते. तीच गावे कोणी साध्या मजकुरासारखी मोकळ्या जागा घालून हाताने जोडली, तर ‘नवी’ आणि ‘मुंबई’ अशी दोन गावे वेगळी होऊन संख्या चारवर जाते. येथवर निदान चूक दिसून तरी येते. पण वापरणाऱ्याने भरलेल्या मजकुरात एखादा उघडा महिरपी कंस आला आणि त्या मजकुराला यादी समजून कोणी त्याचा पहिला सदस्य मागितला, तर इतके दिवस सुरळीत चाललेली स्क्रिप्ट कंस जुळत नसल्याची तक्रार करून थबकते. यादी बांधावयाची ती यादीच्याच आज्ञांनी, आणि बाहेरून आलेल्या मजकुराला त्याचे रीतसर तुकडे पाडल्यावाचून यादी म्हणावयाचे नाही, हा टिकलचा पहिला धर्म होय.

या मजकूरनिष्ठेची किंमत वेगात मोजावी लागे. जुन्या टिकलमध्ये क्रमांकाने एक सदस्य मागितला की सगळा मजकूर आरंभापासून वाचून कंस जुळवीत त्या सदस्यापर्यंत जावे लागे. म्हणजे हजार सदस्यांच्या यादीवर क्रमांकांची लूप लावली तर तोच मजकूर हजार वेळा वाचला जाई. १९९७ च्या ८.० या आवृत्तीने यावर तोडगा काढला : मूल्य बाहेरून मजकूरच दिसेल, परंतु आत त्याचे यादीरूपही जपून ठेवले जाईल, आणि जो ज्या रूपाची मागणी करील त्याला ते दिले जाईल. मात्र एकच मूल्य एकदा यादी म्हणून, एकदा संख्या म्हणून, पुन्हा यादी म्हणून असे आळीपाळीने वापरले की आतील रूप दर वेळी मोडून नव्याने घडवावे लागते. भाषा तक्रार करीत नाही, काम मंदावते एवढेच. आणि म्हणूनच हा दोष शोधणे जिकिरीचे असते.

पर्लविषयी थोडक्यात सांगता येईल. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ती प्रसिद्ध केली ती प्रामुख्याने मजकुराच्या ढिगांतून अहवाल काढण्यासाठी, आणि अहवालाच्या ओळींना ओळींच्या आत ओळी असण्याचे प्रयोजन नसल्यामुळे तिच्या कंसातील यादीत दुसरी यादी ठेवली की ती सपाट होऊन मोठीत विरून जाते. दोन ॲरे एका फंक्शनला दिले तर पलीकडे पोहोचतो तो एकच लांबलचक प्रवाह. पहिला कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला याचा मागमूस उरत नाही. १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत संदर्भ आले व घरट्यातील याद्या शक्य झाल्या, तरी मूळचा सपाटपणा कायम आहे.

पीएचपी आणि लुआ या दोन भाषांनी यादीला स्वतंत्र बिऱ्हाडच दिले नाही. लुआ ही रिओ दी जानेरो येथील कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली भाषा. तिच्यात टेबल ही एकच रचना असून तिच्या किल्ल्या १ पासून ओळीने असल्या तर तिलाच यादी म्हणावयाचे. मधल्या एखाद्या क्रमांकावर ‘निल’ बसले की लांबी विचारण्याच्या चिन्हाकडून मिळणारे उत्तर भरवशाचे राहत नाही, कारण भाषा केवळ ‘जेथे मूल्य आहे आणि पुढे नाही’ अशी कोणतीही एक सीमा सांगण्यास बांधलेली आहे. पीएचपीची गोष्ट अधिक गमतीची आहे. संकेतस्थळांवरील अर्जांचे रकाने वाचण्यासाठी वाढलेल्या या भाषेत ॲरे म्हणजे क्रम राखणारी किल्ली-मूल्यांची नोंदवही होय, आणि ज्या नोंदवहीच्या किल्ल्या ०, १, २ अशा चालतात ती यादी. आता अशा तीन नोंदींपैकी मधली ‘अनसेट’ने काढून टाकली, तर उरलेल्या दोन नोंदी मागे-पुढे सरकत नाहीत, त्यांच्या किल्ल्या ० आणि २ अशाच राहतात. पीएचपीच्या अंगणात याने काही बिघडत नाही. परंतु तोच ॲरे जेसॉनच्या रूपाने ब्राउझरकडे रवाना झाला की चौकटी कंसांतील यादीऐवजी महिरपी कंसांतील ऑब्जेक्ट बाहेर पडतो, आणि पलीकडे यादीची वाट पाहत बसलेला जावास्क्रिप्टचा कोड कोलमडतो. तोही नेहमी नव्हे, तर कोणी मधली नोंद वगळली असेल त्याच वेळी. सदस्य गाळून घेणारे ‘ॲरे फिल्टर’ हे फंक्शनही मूळच्या किल्ल्या जशाच्या तशा ठेवीत असल्यामुळे तेथेही हेच घडते. ‘ॲरे व्हॅल्यूज’ने नव्याने क्रमांक देऊन मगच पाठवणी करावी हा त्यावरील जुना इलाज आहे, आणि समोरचा ॲरे यादी म्हणण्याजोगा आहे काय हे विचारण्याची सोय २०२१ मधील ८.१ या आवृत्तीत झाली.

आता पायथन. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेत ती रचली आणि १९९१ मध्ये ती प्रथम लोकांपुढे आली. तेथेच तिच्यापूर्वी एबीसी नावाची एक अध्यापनोपयोगी भाषा तयार झाली होती, जिच्यातील यादी आपले सदस्य सदैव लहानमोठ्या क्रमाने लावून ठेवी. पायथनने ती शिस्त सोडली आणि ज्या क्रमाने घातले त्या क्रमाने ठेवणारी, वाटेल त्या जातीची मूल्ये शेजारीशेजारी नांदू देणारी यादी पत्करली. हे साधते कसे, तर यादीच्या सलग रांगेत खुद्द मूल्ये नसून मूल्यांचे पत्ते असतात, आणि पत्ते सारखेच लांब. ही एक बाब ध्यानी धरली की पायथनच्या यादीविषयी नवशिक्याला पडणारी बहुतेक कोडी सुटतात.

त्यांतील पहिले व सर्वांत प्राचीन कोडे मालकीचे. ‘अ’ या नावाची यादी ‘ब’ला दिली, ‘ब’मध्ये एक सदस्य वाढविला, आणि पाहतो तो ‘अ’मध्येही तो उगवलेला. पायथनमध्ये नाव देणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. सातबाऱ्यावर दोन खातेदारांची नावे चढली म्हणून जमिनी दोन होत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. पीएचपी आणि टिकल यांचा कायदा याच्या नेमका उलट आहे : तेथे दुसऱ्या नावाला दिलेली यादी ही तत्त्वतः स्वतंत्र नक्कल असते, आणि प्रत्यक्ष नक्कल मात्र कोणीतरी फेरफार करीपर्यंत काटकसरीने लांबणीवर टाकलेली असते. एका भाषेतून दुसरीत येणारा प्रोग्रामर जितका येथे फसतो तितका दुसरीकडे क्वचितच. त्यातही कठीण अवस्था घरट्यातील यादीची. तीन ओळी व तीन स्तंभांचा शून्यांचा तक्ता हवा म्हणून कोणी तीन शून्यांची यादी दुसऱ्या एका यादीत ठेवली आणि त्या बाहेरच्या यादीला तीनने गुणले, तर छापून पाहता तक्ता निर्दोष दिसतो; परंतु पहिल्या ओळीतील पहिल्या घरात ५ लिहिताच तिन्ही ओळींच्या पहिल्या घरात ५ उमटतो, कारण गुणाकाराने ओळीच्या पत्त्याच्या तीन प्रती झाल्या, ओळीच्या नव्हेत. प्रत्येक ओळ लूपमध्ये नव्याने घडविणे हाच तेथे मार्ग. यादीचा पूर्ण छेद घेऊन केलेली नक्कलही वरवरचीच असते. आतल्या याद्या सामाईकच राहतात, आणि त्यांचीही फारकत हवी असल्यास खोल नक्कल करणारे ‘डीपकॉपी’ हे फंक्शन लागते. फंक्शनच्या व्याख्येत एखाद्या पॅरामीटरचे गृहीत मूल्य म्हणून रिकामी यादी लिहिली, तर ती व्याख्येच्या वेळी एकदाच निर्माण होते व पुढील प्रत्येक हाकेला तीच जुनी, मागील हाकांचे अवशेष बाळगणारी यादी हाती येते, हाही याच मालकीच्या प्रश्नाचा एक फाटा. भाषेच्या कर्त्यांनी हे जाणून ठेवले असले तरी व्यक्तिशः मला ही निवड अभ्यासकाला अकारण पेचात पाडणारी वाटते.

दुसरे कोडे खर्चाचे. ‘ॲपेंड’ने शेवटी सदस्य जोडणे स्वस्त पडावे म्हणून पायथन गरजेपेक्षा थोडी अधिक जागा धरून ठेवतो, रिकाम्या यादीत एकेक सदस्य घालीत गेल्यास अलीकडील आवृत्तींत ही जागा ४, ८, १६, २४, ३२ अशी वाढते, आणि पुढे वाढीचे प्रमाण साधारण अष्टमांशावर स्थिरावते. म्हणजे क्वचित एखाद्या वेळी सबंध रांग नव्या जागी हलवावी लागली तरी सरासरीने प्रत्येक जोडणीचा खर्च क्षुल्लकच राहतो. मस्तकी जोडण्याची किंवा मस्तकातून काढण्याची गोष्ट अगदी वेगळी. एक लाख सदस्यांच्या यादीतून पहिला काढला की उरलेले ९९,९९९ पत्ते एकेक घर डावीकडे सरकतात. अशी पहिल्यापासून काढीत यादी रिकामी केली तर सुमारे ५०० कोटी पत्त्यांची हालचाल होते. ज्याला दोन्ही टोकांशी व्यवहार करावयाचा आहे, म्हणजे रांगेत येणारी कामे एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूने निकालात काढावयाची आहेत, त्याच्यासाठी २००४ च्या २.४ या आवृत्तीपासून ‘डेक’ ही निराळी रचना उपलब्ध आहे, आणि तिचा त्याने विनासंकोच आश्रय करावा. तीच गोष्ट लूप चालू असताना त्याच यादीतून सदस्य काढण्याची : २, ४, ५ या यादीतून समसंख्या गाळावयास निघालो आणि २ काढला, तर ४ त्याच्या जागी सरकतो, लूप मात्र पुढल्या घरावर गेलेली असते, व ४ तसाच सुटतो. गाळणीतून नवी यादी घडविणे अधिक सुरक्षित, आणि त्यासाठी २००० मधील २.० या आवृत्तीत हॅस्केलकडून उसनी घेतलेली एका ओळीतली यादीरचना लाभली आहे. तिच्यात तीन-तीन लूप व चार-चार अटी कोंबण्याचा जो षौक काही मंडळींना जडतो, त्याला मात्र माझी सहानुभूती नाही.

क्रम लावण्याच्या बाबतीत पायथनचे ऋण इतर भाषांनाही मान्य करावे लागते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी जी पद्धत रचली, ती यादीत आधीच क्रमाने लागलेले तुकडे हुडकून त्यांचेच विलीनीकरण करते. व्यवहारातील याद्या सहसा अर्धवट लागलेल्या असतात या निरीक्षणावर ती उभी आहे, आणि तुलनेत समान ठरणाऱ्यांचा मूळ क्रम ती बिघडवीत नाही. पुढे जावा भाषेनेही ती उचलली. २०१५ साली, ज्या संस्थेत पायथनचा जन्म झाला त्याच संस्थेतील काही संशोधकांनी जर्मन सहकाऱ्यांसह तिची आकारिक पडताळणी केली, तेव्हा तेरा वर्षे कोणाच्याही नजरेस न आलेली एक त्रुटी उघड झाली : विलीनीकरणासाठी थांबलेल्या तुकड्यांच्या लांबींविषयीची जी अट सदैव पाळली जाते असे मानले होते, ती विशिष्ट परिस्थितीत मोडत होती. जावात त्यायोगे प्रोग्राम प्रत्यक्ष कोसळू शके. पायथनच्या बाबतीत त्यासाठी लागणारी यादी कोणत्याही यंत्राच्या स्मृतीत मावण्याजोगी नव्हती, तरी दुरुस्ती तेथेही झाली.

जावास्क्रिप्टने मात्र क्रमाच्या बाबतीत सर्वांनाच चकवले आहे. तिचे ‘सॉर्ट’, काही न सांगता वापरले, तर सदस्यांची तुलना मजकूर म्हणून करते. त्यामुळे १, ९, १० या संख्यांचा क्रम १, १०, ९ असा लागतो. १९९५ मध्ये घाईने सिद्ध केलेल्या भाषेला हे क्षम्य म्हणावे, पण संकेतस्थळे मोडतील या धास्तीने ते आजतागायत बदलता आलेले नाही. मोजणीच्या आरंभाविषयीही भाषाभाषांत एकवाक्यता नाही. एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात शून्यापासून मोजावे व टप्प्याचा शेवट वगळावा असे प्रतिपादिले, आणि पायथनचा छेद त्याच रीतीने चालतो : २ पासून ५ पर्यंत म्हटले की ५ – २ म्हणजे तीनच सदस्य मिळतात. उणे एक हा क्रमांक पायथनमध्ये शेवटचा सदस्य देतो, आर भाषेत पहिला सोडून बाकी सर्व देतो, आणि जावास्क्रिप्टच्या चौकटी कंसात काहीच देत नाही; तेथे त्यासाठी २०२२ मध्ये ‘ॲट’ हे वेगळे साधन आणावे लागले.

मराठी मजकुराची यादी करणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर यांपैकी एकाही भाषेच्या मुळातल्या यादीत नाही. पायथनला ‘मराठी’ हा शब्द देऊन त्याची यादी मागितली तर तीन अक्षरांऐवजी पाच सदस्य मिळतात, कारण काना आणि वेलांटी हे युनिकोडच्या लेखी स्वतंत्र सदस्य होत. ती यादी उलटी करून जोडली की वेलांटी कोणत्याही व्यंजनावाचून अग्रभागी येऊन उभी राहते. नावांचा क्रम लावताना अधिक सूक्ष्म चूक होते. युनिकोडमध्ये ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे, परंतु मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो, त्यामुळे साधा ‘सॉर्ट’ ‘कळस’ हा शब्द ‘कविता’च्या आधी बसवितो, आणि ‘क्ष’ तर ‘ज्ञ’च्या शेजारी, वर्णमालेच्या शेवटी न जाता, ‘क’च्याच पोटात राहतो. मतदारयाद्या, ग्रंथालयांच्या सूची, विद्यार्थ्यांचे पट असे जे जे मराठी क्रमाने लावावयाचे आहे, त्यासाठी क्रमाची किल्ली वेगळी घडवून ती ‘सॉर्ट’च्या हाती द्यावी लागते : मराठी वर्णक्रमाची एक यादी लिहावयाची, प्रत्येक नावाचे आधी अक्षरांत व नंतर त्या यादीतील क्रमांकांत रूपांतर करावयाचे, आणि तुलना त्या क्रमांकांची करवावयाची. यादीत मूळ नाव अबाधित राहते. क्रमांक केवळ तुलनेपुरते निर्माण होतात व काम होताच टाकून दिले जातात.